महारोहिणीचे अस्तर फाटते तेव्हा

उच्च रक्तदाबावरील लेख या सदरात आल्यापासून वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले आहे, "माझ्या मेहुण्यांच्या पाठीत एकाएकी भयंकर कळ आली. ईसीजी चांगला निघाला. तरीही शहरात नेल्यावर मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली आहे, तातडीने स्टेंट टाकावा लागेल, असे सांगण्यात आले. ईसीजी चांगला असताना स्टेंट कशासाठी? आणि तो टाकून माणूस वाचतो का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हा आजार हृदयविकाराच्या झटक्याइतका सर्रास आढळत नाही. लाख लोकवस्तीत वर्षाला साधारण तीन-चार जणांना तो होतो. म्हणजे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावीही वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या घरावर हा प्रसंग येणारच. तो येतो तेव्हा विचार करायला फार थोडे तास हाताशी असतात. म्हणून त्याची माहिती आधीच असलेली बरी.

महारोहिणी म्हणजे काय?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी, शुद्ध रक्त वाहून नेणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. डॉक्टर मंडळी तिला एओर्टा म्हणतात. प्रथम ती मानेच्या दिशेने वर चढते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. छाती आणि पोट यांमधला पडदा ओलांडून ती पोटात येते व बेंबीच्या सुमारास तिचे दोन फाटे होऊन एकेक पायाकडे जातो. वाटेत खुद्द हृदयाला, मेंदूला, हातांना, मज्जारज्जूला, आतड्यांना आणि मूत्रपिंडांना तिच्याच शाखा रक्त पुरवितात. छातीत तिचा व्यास अडीच ते तीन सेंटिमीटर असतो. दिवसातून सुमारे एक लाख वेळा हृदयाचा ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला धक्का या भिंतीला सोसावा लागतो.

या भिंतीला तीन थर असतात. आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू व लवचिक तंतूंचा जाड थर आणि बाहेरून चिवट वेष्टण. वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला की मधला थर कमकुवत होतो आणि एखाद्या क्षणी आतल्या अस्तराला चीर पडते.

पुढे काय होते ते समजण्यासाठी जुन्या कोटाची बाही डोळ्यांपुढे आणा. खांद्यापाशी अस्तर उसवलेले असले की हात बाहीत न जाता अस्तर आणि कापड यांच्या मध्ये शिरतो. जितका जोर लावाल तितके अस्तर आणखी उसवत जाते. महारोहिणीत हेच घडते. रक्त चिरेतून भिंतीच्या थरांमध्ये घुसते आणि प्रत्येक ठोक्यासरशी थर सोलत पुढे जाते. मूळ मार्गाशेजारी रक्ताचा दुसरा, खोटा मार्ग तयार होतो. यालाच महारोहिणीचे डिसेक्शन म्हणतात.

यातून तीन संकटे उद्भवतात. बाहेरचे वेष्टणही फुटले तर छातीत किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्तस्राव होऊन माणूस काही मिनिटांत दगावतो. खोटा मार्ग फुगून खऱ्या मार्गाला दाबून टाकतो, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या शाखांचे रक्त तुटते. मग कोणाचा पाय गार पडतो, कोणाची लघवी बंद होते, कोणाची आतडी मरू लागतात, तर कोणाला पक्षाघातासारखी लक्षणे होतात. तिसरे संकट म्हणजे चीर हृदयाच्या अगदी जवळ असेल तर तेथील झडप निकामी होते.

हा रोग नवा नव्हे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी एकाएकी कोसळून मरण पावला. त्याचे वैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली आढळली आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूला सुमारे दीड इंचाची चीर दिसली. राजाच्या पदरी उत्तम वैद्य होते, पण त्या काळी या रोगावर कोणापाशीच उपाय नव्हता.

दुखणे कसे ओळखावे?

या दुखण्याची पहिली खूण म्हणजे ते एकाएकी येते. हृदयविकाराची कळ पुष्कळदा हळूहळू वाढत जाते. ही कळ मात्र पहिल्याच क्षणी कळसाला पोहोचते. "सुरी खुपसल्यासारखे झाले", "पाठीत काहीतरी फाटले" अशा शब्दांत रुग्ण ती सांगतात. कळ छातीत पुढे, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये किंवा पोटात असते आणि पुष्कळदा जागा बदलत खाली सरकते. दरदरून घाम, चक्कर, शुद्ध हरपणे, एका हाताला किंवा पायाला मुंग्या येणे, अशी लक्षणे सोबत असू शकतात.

डॉक्टरांनी करावयाची एक साधी तपासणी अशी की, रक्तदाब दोन्ही हातांवर मोजावा. दोन हातांत वरच्या आकड्याचा २० पेक्षा जास्त फरक आढळला किंवा एखाद्या हातापायाची नाडी लागत नसेल तर संशय बळावतो. मात्र असा फरक नसला म्हणून रोग नाही असे नव्हे.

ईसीजीविषयी बोलू. ईसीजी हृदयाच्या स्नायूची हालहवाल सांगतो. महारोहिणीच्या भिंतीत काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. या रोगाच्या अभ्यासासाठी १९९६ साली अनेक देशांतील मोठ्या रुग्णालयांनी मिळून एक नोंदवही सुरू केली. २००० साली तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १२ केंद्रांतील ४६४ रुग्णांची माहिती होती. रुग्णांचे सरासरी वय ६३, दोन तृतीयांश पुरुष आणि शेकडा ७२ जणांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. शेकडा ३१ रुग्णांचा ईसीजी अगदी स्वच्छ निघाला. छातीचा साधा एक्स-रेसुद्धा शेकडा १२ जणांत निर्दोष होता. तेव्हा वाचकहो, इतकी भयंकर कळ आलेली असताना "ईसीजी नॉर्मल आहे, गॅस असेल" असे म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. खात्रीचे निदान रक्तवाहिनीत औषध सोडून काढलेल्या सीटी स्कॅनने, म्हणजे सीटी अँजिओग्राफीने होते. ती सोय आज बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन प्राण वाचविते, पण अस्तर फाटलेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते. याचा अर्थ छातीत दुखताच औषधांना नकार द्यावा, असा मुळीच नाही. छातीत दुखणाऱ्या शंभर जणांपैकी फारच थोड्यांना, बहुधा एखाद्यालाही नाही, हा रोग असतो. हृदयविकार त्याहून कितीतरी पट जास्त आढळतो. निर्णय डॉक्टरांनाच करू द्या. आपण फक्त दुखणे कसे आणि कोणत्या क्षणी सुरू झाले, ते नीट सांगा.

दोन प्रकार, दोन वाटा

चीर कोठे पडली यावर सारे अवलंबून असते. १९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या शल्यचिकित्सकांनी याचे सोपे वर्गीकरण केले आणि तेच आज सर्वत्र वापरतात. हृदयाकडून वर चढणारा महारोहिणीचा भाग सोलला गेला असेल तर तो 'ए' प्रकार. तो भाग शाबूत असून वळणापुढचा, पाठीमागून खाली उतरणारा भाग सोलला गेला असेल तर तो 'बी' प्रकार.

'ए' प्रकार हा सर्वांत जीवघेणा. जुन्या पुस्तकांत असे लिहिलेले असे की, उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शेकडा एक ते दोन रुग्ण दगावतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबात हा वेग नुसत्या औषधांवर ठेवलेल्या रुग्णांत तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. तरीही ४८ तासांत जवळजवळ चारांतला एक जण गेला. शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्यांत हेच प्रमाण ४८ तासांत शेकडा साडेचारच्या आत राहिले. म्हणून या प्रकाराला उघडी शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. छाती उघडून, शरीर थंड करून, हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने फाटलेला भाग कापून काढतात आणि तेथे कृत्रिम कापडाची नळी शिवतात. या भागात हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तोंडे व झडप इतकी जवळ असतात की, तेथे स्टेंट ग्राफ्ट बसविणे अजून नेहमीचा उपचार झालेले नाही. पहिल्या अहवालात, म्हणजे २००० साली, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा २६ आणि न झालेल्यांपैकी शेकडा ५८ रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. पुढे शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १८ पर्यंत खाली आले.

'बी' प्रकारात निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्णांना तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नसते. अतिदक्षता विभागात ठेवून, शिरेवाटे औषधे देऊन नाडी मिनिटाला ६० च्या आसपास आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान आणतात. ठोक्याचा धक्का सौम्य झाला की अस्तर आणखी उसवत नाही. पण ज्यांची महारोहिणी फुटू लागली आहे, ज्यांच्या पायाचे, आतड्यांचे अथवा मूत्रपिंडांचे रक्त तुटले आहे, किंवा औषधे देऊनही ज्यांची कळ आणि रक्तदाब हटत नाही, अशांना त्वरित काही करणे भाग असते. तातडीच्या स्टेंट ग्राफ्टचे खरे स्थान येथे आहे.

हा स्टेंट कोणता?

हृदयाच्या अँजिओप्लास्टीत टाकतात तो स्टेंट म्हणजे तीन-चार मिलिमीटर रुंदीची धातूची बारीक जाळी. तिचे काम अरुंद झालेली वाहिनी उघडी ठेवणे. महारोहिणीचा स्टेंट ग्राफ्ट नावाने तिचा भाऊबंद असला, तरी काम निराळे. त्याची रुंदी तीन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आणि लांबी दहा-वीस सेंटिमीटर असते. धातूच्या जाळीवर कृत्रिम धाग्याचे घट्ट विणलेले कापड चढविलेले असते. मिटलेल्या छत्रीप्रमाणे तो बारीक नळीत दाबून बसवितात. जांघेतील रोहिणीतून ती नळी वर सरकवितात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत नेमक्या चिरेपाशी नेऊन तो उघडतात. कापडाने चिरेचे तोंड झाकले जाते. खोट्या मार्गात रक्त शिरणे थांबते, तेथले रक्त गोठते, आणि खरा मार्ग फुलून बंद पडलेल्या शाखांना पुन्हा रक्त मिळू लागते. छाती उघडावी लागत नाही.

हे तंत्र अनेक हातांनी घडले. १९५० नंतरच्या वर्षांत ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक मायकेल डीबेकी यांनी पत्नीच्या शिवणयंत्रावर डॅक्रॉन कापडाच्या नळ्या शिवल्या. १९५४ साली त्यांनी या रोगावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९८७ साली खारकीव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महारोहिणीत, तर १९९० साली ब्युनोस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी पोटातील महारोहिणीत वाहिनीच्या आतून ग्राफ्ट बसविला. ते दोन्ही रुग्ण डिसेक्शनचे नव्हते. डिसेक्शनमध्ये हा ग्राफ्ट वापरल्याचे महत्त्वाचे अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाले.

दैवगती अशी की, ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डीबेकी यांच्याच महारोहिणीचे अस्तर फाटले. त्यांचा 'वरचा' प्रकार होता. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर उघडी शस्त्रक्रिया झाली, काही महिने रुग्णालयात काढून ते घरी परतले आणि जुलै २००८ मध्ये ९९ व्या वर्षी वारले. सर्वांनाच असे यश मिळत नाही, हेही खरे.

निष्कर्ष काय सांगतात?

आता पत्रातील दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १९९९ च्या अमेरिकन अहवालात तीव्र डिसेक्शनच्या १९ रुग्णांना स्टेंट ग्राफ्ट बसविला होता. त्यांपैकी तिघे महिन्याभरात दगावले. उरलेल्यांत पुढच्या सरासरी १३ महिन्यांत एकही मृत्यू झाला नाही. १५ रुग्णांत छातीतील खोटा मार्ग पूर्णपणे गोठून बंद झाला. रुग्ण थोडे होते, पण आशा वाटावी असा हा निकाल होता.

२००८ साली वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून मोठा हिशेब मिळाला. गुंतागुंत झालेल्या 'बी' प्रकारच्या १२५ रुग्णांपैकी ५९ जणांवर उघडी शस्त्रक्रिया झाली आणि २० जण रुग्णालयात दगावले. म्हणजे तिघांत एक. ६६ जणांवर वाहिनीच्या आतून उपचार झाले, त्यांतले ७ दगावले. म्हणजे दहांत एक. इतर गुंतागुंतीही आतून उपचार झालेल्यांत शेकडा २० आणि उघड्या शस्त्रक्रियेत शेकडा ४० होत्या. हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते. फार बिघडलेले काही रुग्ण शस्त्रक्रियेकडे गेले असतील. म्हणून हा फरक सगळाच ग्राफ्टच्या पदरात टाकता येणार नाही. तरी फरक एवढा मोठा होता की, जगभर तातडीच्या 'बी' रुग्णांसाठी स्टेंट ग्राफ्ट हाच पहिला पर्याय ठरला.

ज्यांची तातडी नाही त्यांचे काय? युरोपात १४० स्थिर रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाला फक्त औषधे, दुसऱ्याला औषधांसह स्टेंट ग्राफ्ट. दोन वर्षांनी औषधांच्या गटातील शेकडा ९६ आणि ग्राफ्टच्या गटातील शेकडा ८९ रुग्ण जिवंत होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान होता, पण ग्राफ्टचा फायदा काही दिसला नाही. पाच वर्षांनी मात्र चित्र पालटले. महारोहिणीच्या कारणाने झालेले मृत्यू औषधांच्या गटात शेकडा १९ आणि ग्राफ्टच्या गटात शेकडा ७ निघाले. धोका आरंभी पत्करावा लागतो आणि लाभ मागाहून पदरी पडतो, असा हा व्यवहार आहे. म्हणून स्थिर रुग्णात ग्राफ्ट कधी व कोणाला बसवावा, हे तज्ज्ञ प्रत्येकाचा सीटी स्कॅन पाहून ठरवितात.

"दहांत एक जातो" म्हणजे काय?

माझ्या व्यवसायातील एक उदाहरण सांगतो. नाव-गाव अर्थातच सांगत नाही. पंचावन्न वर्षांचे एक अडत व्यापारी. रक्तदाब जुना, पण "डोके दुखत नाही, मग गोळी कशाला?" म्हणून चार महिन्यांपासून गोळ्या बंद. एके दिवशी पहाटे त्यांच्या मुलाने त्यांना दवाखान्यात आणले. "डॉक्टरसाहेब, पाठीत कोणी कुऱ्हाड घातल्यासारखे झाले," एवढेच ते बोलू शकत होते. उजव्या हातावर रक्तदाब २१०, डाव्यावर १७०. ईसीजीत विशेष काही नाही. त्यांना लगेच रुग्णवाहिकेने शहरात पाठविले. स्कॅनमध्ये 'बी' प्रकार निघाला. दोन दिवस औषधांनी बरे वाटले. तिसऱ्या दिवशी डावा पाय गार पडला आणि लघवी कमी झाली.

त्या रात्री मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. "डॉक्टरसाहेब, आताच्या आता स्टेंट टाकायचा म्हणतात. पण दहांत एक जातो, असेही सांगितले. आई म्हणते, बाबा अजून बोलताहेत, धोका नको, घरी नेऊ. काय करू?"

वाचकहो, हा प्रश्न कोणाच्याही घरात उठू शकतो. आणि येथे पुष्कळांची गल्लत होते. उपचाराचा धोका सांगितला की नातेवाईक त्याची तुलना धडधाकट माणसाशी करतात. तुलना करायची ती उपचार न केलेल्या त्याच रुग्णाशी. मी त्याला म्हणालो, "अरे, दहांत एक जातो हे तू ऐकलेस. न केल्यास दहांत किती जातात, हे विचारलेस का? पायाचे आणि मूत्रपिंडाचे रक्त तुटले आहे. ते आपोआप सुरू होण्याची वाट पाहायला आपल्याजवळ वेळ नाही. हा प्रश्न तेथल्या डॉक्टरांना विचार, आईलाही ऐकू दे, आणि मग सही कर." त्याने विचारले. आईनेही ऐकले. त्याच रात्री ग्राफ्ट बसविला. सकाळी पाय ऊबदार झाला, लघवी सुरू झाली. बाराव्या दिवशी ते चालत घरी आले.

ते वाचले ते त्या नऊंपैकी होते म्हणून. दहावा कोण असेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. तो दगावला तर निर्णय चुकला, असे म्हणून घरच्यांनी आयुष्यभर स्वतःला दोष देऊ नये. हातातील माहितीवर योग्य तो निर्णय घेणे एवढेच माणसाच्या हाती असते.

ग्राफ्टचे धोके

हा उपचार सोपा वाटला तरी निर्धोक नाही. मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक शाखा ग्राफ्टखाली झाकल्या गेल्यास दोन्ही पाय लुळे पडू शकतात. शेकडा दोन ते पाच रुग्णांत हे घडते. त्यांपैकी काही योग्य उपचारांनी सुधारतात. तितक्याच थोड्या रुग्णांत मेंदूचा पक्षाघात होतो. ग्राफ्टच्या ताठ टोकाने वरच्या बाजूला नवी चीर पडून 'बी'चा 'ए' होण्याचा प्रसंगही शंभरात एक-दोघांवर येतो. शिवाय कापडाच्या कडेने रक्त झिरपून खोटा मार्ग पुन्हा भरू शकतो.

मुख्य म्हणजे ग्राफ्ट फक्त चिरेचा भाग झाकतो. खाली पोटापर्यंत सोललेली भिंत पुष्कळदा तशीच राहते. ती पुढे फुगू शकते. म्हणून साधारणपणे एक महिना, सहा महिने, एक वर्ष आणि त्यानंतर दरवर्षी स्कॅन करावा लागतो. काहींना पुन्हा उपचार लागतात. "ग्राफ्ट टाकला, आजार संपला" असे समजून फेऱ्या चुकविणारे रुग्ण नंतर संकटात सापडतात. रक्तदाबाच्या गोळ्या तर जन्मभर.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. हा ग्राफ्ट काही लाख रुपयांचा असतो. तेव्हा रुग्णालयात पोहोचताच तेथील आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आपल्या विम्यात हा उपचार बसतो का, ते लगेच विचारा. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्या. एकाने रुग्णाजवळ थांबावे, दुसऱ्याने कागदपत्रांच्या मागे लागावे.

हे का होऊ द्यावे?

इतके सगळे वाचल्यावर आपल्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. या रोगाचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब, आणि तो काबूत ठेवणाऱ्या गोळ्या जेनेरिक स्वरूपात घेतल्या तर चहाच्या कपाहूनही स्वस्त पडतात. रक्तदाब वाढला की डोके दुखतेच, हा गैरसमज आहे. बहुतेकांना काहीही होत नाही. "गोळीची सवय लागते" हाही गैरसमजच. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. तंबाखू आणि बिडी-सिगारेट सोडणे, मीठ कमी करणे आणि पापड-लोणच्यावर हात आखडता घेणे, हे त्याच्या जोडीला हवेच.

काही माणसांत महारोहिणीची भिंत जन्मतःच नाजूक असते. अंगकाठी फार उंच, हातापायांची बोटे लांबसडक, डोळ्यांतील भिंग सरकलेले, असा घराण्यात चालत आलेला एक आजार आहे. १८९६ साली फ्रेंच बालरोगतज्ज्ञ अँतवान मार्फां यांनी त्याचे पहिले वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेल्या लोकांतही धोका जास्त असतो. कुटुंबात कोणाची महारोहिणी फाटली असेल किंवा कोणी तरुणपणी एकाएकी छातीत कळ येऊन गेला असेल, तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी एकदा टूडी एको तपासणी करून घ्यावी. अशा घरातील स्त्रियांनी गर्भारपणाआधी डॉक्टरांना हे अवश्य सांगावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. छातीत, पाठीत किंवा पोटात पहिल्याच क्षणी पराकोटीची कळ आली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. रुग्णाला चालवू नका, गाडी चालवू देऊ नका.

२. दुखणे केव्हा आणि कसे सुरू झाले, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू किंवा बंद आहेत, घराण्यात असे कोणाला झाले होते का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

३. ईसीजी चांगला असूनही कळ तशीच असेल तर "सीटी स्कॅनची गरज आहे का?" असे नम्रपणे विचारा.

४. निदान झाल्यावर तीन प्रश्न विचारा. प्रकार 'ए' की 'बी'? कोणत्या अवयवाचे रक्त तुटले आहे का? उपचार केल्यास आणि न केल्यास धोका किती?

५. ग्राफ्ट बसविल्यावर स्कॅनच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

६. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. शक्यतो या आठवड्यातच.